नेम का चुकतो?



सज्जनहो, आपल्या मराठी भाषेत ‘नेम’ हा शब्द दोन ठिकाणी येतो. शिपाई नेम धरतो, शिकारी नेम धरतो, झाडाखालचे पोर आंब्याला दगड मारताना एक डोळा मिटून नेम धरते; हा एक नेम. आणि एकादशीचा नेम, हरिपाठाचा नेम, आषाढी-कार्तिकीचा नेम, हा दुसरा. पहिला चुकला तर गोळी वाया जाते. दुसरा चुकत राहिला तर आयुष्य वाया जाते. दोन्हीला शब्द एकच कसा, याचा विचार आपण सहसा करीत नाही. या महिन्याच्या निरूपणात तो करावयाचा आहे. आणि त्यासाठी आम्ही जो दृष्टांत घेतला आहे, तो वाचून काही माऊलींच्या कपाळाला आठी पडेल. दृष्टांत आहे जुन्या लष्करी रायफलीचा, आणि तिच्यावरच्या ढिल्या माशीचा.

“अहो, वारकऱ्यांच्या मासिकात बंदूक कशाला?” असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. परंतु संतांना परमार्थ कुठे सापडला, ते पाहा. गोरोबाकाकांना चिखलात सापडला, सावतोबांना मळ्यात, सेना महाराजांना धोकटीत, नरहरी महाराजांना सोनाराच्या मुशीत. ज्याच्या हाती जे अवजार आले, त्या अवजारातूनच त्याला देव बोलला. अवजार उच्च की नीच, हे देवाने कधी विचारले नाही. विचारले ते माणसांनी. मग पोटासाठी ज्याच्या हाती रायफल आली, त्यानेच काय पाप केले?

देवनारचे नाव काढले की मुंबईकर नाकाला रुमाल लावतो. १९२७ पासूनचे कचऱ्याचे डोंगर इथे, १९७१ सालापासूनचा महापालिकेचा कत्तलखाना इथे. २०१६ च्या जानेवारीत तो कचरा पेटला, तेव्हा धुराने सगळी वस्ती खोकत होती. पण नावात देव आहे, आणि वस्तीतही देव आहे. संध्याकाळी हरिपाठाला जे बसतात, त्यांत झाडू खात्यातले आहेत, हमाल आहेत, धुणीभांडी करून आलेल्या आयाबाया आहेत, रात्रपाळीला निघालेले वॉचमन आहेत, आणि पोलीस खात्यातलेही आहेत. सजन कसायाचे नाव आदराने घेणाऱ्या संप्रदायाला देवनारात परके वाटण्याचे कारण नाही.

या मंडळींत एक नाना आहेत. पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मोरर म्हणून त्यांची नोकरी झाली. आर्मोरर म्हणजे शस्त्रांची दुरुस्ती करणारा कारागीर. आयुष्यभर त्यांनी जी रायफल दुरुस्त केली, तिला सगळे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतात. नळीचे भोक इंचाचा तीनशे तीन हजारांश भाग, म्हणून हे नाव. तिचे मूळ नाव ली-एनफिल्ड. इंग्रजांनी तिचा आखूड नमुना विसाव्या शतकाच्या आरंभी सैन्यात आणला, १९०७ साली त्यात सुधारणा झाली, आणि पुढे ती आपल्याकडे बंगालमध्ये इशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. वजन सुमारे ४ किलो, पेटीत १० काडतुसे. दोन्ही महायुद्धांत आपले मराठी जवान हीच घेऊन लढले. १९६२ च्या चीनच्या युद्धातही आपल्या जवानांच्या हाती मुख्यतः हीच होती. त्यानंतर सैन्याने हळूहळू ती बदलली, पण पोलिसांच्या खांद्यावर ती पुढे कित्येक दशके राहिली. तुम्ही-आम्ही आषाढीच्या बंदोबस्तात पाहिली असेल. लाकडी दस्त्याची, जड, म्हाताऱ्या माणसासारखी मुकाट.

आता माशी म्हणजे काय ते सांगतो. नळीच्या पुढच्या टोकावर पोलादाचा एक लहानसा उभा तुकडा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा म्हणा. तीच माशी. मागे, डोळ्याच्या बाजूला, एक पट्टी असते आणि तिच्यात खाच असते. खाचेतून पाहायचे, खाचेच्या मधोमध माशी आणायची, आणि माशीच्या टोकावर निशाण ठेवायचे. डोळा, खाच, माशी आणि निशाण ही चारी एका रेषेत आली की नेम लागला.

खाच आणि माशी यांच्यात अंतर असते सुमारे १९ इंच. माशी जर एक मिलिमीटर, म्हणजे जाड दोऱ्याएवढी, बाजूला सरकली, तर १०० यार्डांवर गोळी वीतभराला थोडी कमी अशी बाजूला जाते. ३०० यार्डांवर हातभराहून जास्त. इथे दोरा, तिथे हात! गर्दीच्या ठिकाणी हातभर म्हणजे काय, हे सांगायला नको. दोषी माणूस उभा असेल त्याच्या शेजारी हातभर अंतरावर कोणाची तरी आई उभी असते.

म्हणून नाना म्हणत, “वाकडी माशी परवडते, पण ढिली माशी परवडत नाही.”

सज्जनहो, या वाक्यापाशी थोडे थांबू या, कारण या निरूपणाचे सार यातच आहे. वाकडी माशी म्हणजे चुकीच्या जागी, पण घट्ट बसलेली. तिच्यावरून पाच गोळ्या मारा; पाचही डावीकडे जातील, पण पाचही एका ठिकाणी जातील. चूक सारखी आहे, म्हणून चूक मोजता येते. आणि जी मोजता येते ती काढता येते. ढिली माशी मात्र प्रत्येक धक्क्याला हलते. पहिली गोळी डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी कुठे गेली पत्ता नाही. आणि गंमत अशी की चौथी अगदी निशाणावर बसते! मग शिपाई म्हणतो, “बघा, रायफल चांगली आहे, माझाच हात हलला असेल.” किंवा म्हणतो, “काडतूस जुने असेल.” किंवा, “वारा होता.” सगळ्यांना दोष देऊन होतो, पण अंगठ्याने माशी हलवून बघत नाही.

माणसाचे असेच आहे. एखादा भोळा भाविक चुकीच्या समजुतीने का होईना, पण रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी बसून नाम घेतो. त्याला कधी ना कधी संत भेटतात आणि म्हणतात, “बाबा, भाव चांगला आहे, दिशा एवढी बदल.” त्याचे काम एका दिवसात होते. पण जो या महिन्यात या बुवांकडे, पुढच्या महिन्यात त्या बाबांकडे, सोमवारी एक व्रत, गुरुवारी दुसरे, मुलाची परीक्षा आली की तिसरे, आणि नोकरी लागली की सगळेच बंद, त्याला संतांनी तरी काय सांगावे? त्याची चूक रोज नव्या जागी असते. मधूनच एखादे व्रत फळल्यासारखे वाटते, आणि ती चौथी गोळीच त्याला फसवते.

ढिलेपणा ओळखायचा कसा? नाना सांगतात, डोळ्यांनी दिसत नाही. दिसायला माशी सरळ उभी असते. अंगठा लावून दोन्ही बाजूंना दाबावे लागते, बोटाने टिचकी मारून ऐकावे लागते. घट्ट पोलादाचा आवाज वेगळा, ढिल्याचा वेगळा.

हे ऐकताना तेरच्या गोरोबाकाकांची कथा कोणत्या वारकऱ्याला आठवणार नाही? संतमंडळी जमलेली. मुक्ताईने कोपऱ्यातले थापटणे पाहून विचारले, “काका, हे काय?” काका म्हणाले, “मडके कच्चे की पक्के ते याने कळते.” “मग आमचीही परीक्षा करा की!” काका थापटणे घेऊन उठले आणि एकेकाच्या डोक्यावर टकटक करीत चालले. सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र रागावले, आणि मडके कच्चे ठरले. ज्याच्याशी प्रत्यक्ष पांडुरंग बोलत होता, त्याचे मडके कच्चे! दिसायला काही कमी नव्हते. टकटक झाली तेव्हा कळले. पण नामदेवरायांचा मोठेपणा पुढे आहे. रडले, रुसले, देवापाशी गाऱ्हाणे केले; आणि अखेर विसोबा खेचरांकडे जाऊन भाजून पक्के झाले. थापटण्याला शिव्या देत बसले असते, तर नामदेव राहिले असते, संत नामदेव झाले नसते.

आपल्यालाही रोज टकटक होत असते. सून उलट बोलली, ही टकटक. दिंडीत आपल्याला मागच्या रांगेत उभे केले, ही टकटक. कीर्तनात आपले नाव घेतले नाही, ही तर फार मोठी टकटक! त्या वेळी आतून कसा आवाज आला, तो ऐकावा. दुसऱ्याने टिचकी का मारली, याचा शोध नंतर घेता येतो.

आता दुरुस्तीकडे वळू. नानांचा क्रम मोठा शिकण्यासारखा आहे, म्हणून तसाच सांगतो.

दुरुस्तीला रायफल हाती आली की सगळ्यांत आधी ती रिकामी करायची. पेटी काढायची, बोल्ट मागे ओढायचा, आत डोळ्याने बघायचे आणि बोट घालूनही बघायचे. “रिकामीच आहे हो,” असे देणाऱ्याने शंभर वेळा सांगितले तरी स्वतः बघायचे. भरलेल्या बंदुकीची दुरुस्ती करू नये. तद्वत पोटात राग भरलेला असताना स्वतःला सुधारायला बसू नये आणि दुसऱ्याला तर मुळीच नको. बाप रागाने भरलेला असताना मुलाला शिस्त लावायला जातो, तेव्हा शिस्त बाजूला राहते आणि गोळी सुटते. आधी रिकामे व्हा. घोटभर पाणी प्या, दहा वेळा विठ्ठल म्हणा, मग बोला.

दुसरे, साफसफाई. माशी ज्या खोबणीत बसते, तिथे जुने तेल आणि मळ साचून घट्ट होतो. अशी माशी अंगठ्याला पक्की लागते. मळ काढून कोरडी पुसली की हलू लागते. शिकाऊ पोरगा घाबरतो; म्हणतो, “नाना, मी पुसली आणि बिघडली!” बिघडली नाही रे बाबा, बिघडलेली होती ती कळली. आपल्यापैकी कित्येकांची भक्ती अशीच मळाने धरून ठेवलेली असते. लोक काय म्हणतील म्हणून एकादशी, घरात मान मिळतो म्हणून माळ, मंडळाचा हिशेब हाती आहे म्हणून भजन. हा मळ निघाला की नेम डुगडुगतो. डुगडुगू द्या. तिथूनच खरे काम सुरू होते.

तिसरे, वरची माशी घट्ट करण्याआधी खालचे स्क्रू बघायचे. नळी लाकडात नीट बसली आहे का, खालचा मुख्य स्क्रू आवळलेला आहे का, पुढची टोपी हलते का. खालचे ढिले असेल तर वरची माशी कितीही पक्की करा, नेम भटकणारच. हे वाचून प्रत्येकाने आपापले घर आठवावे. देवळात आठ दिवसांचे पारायण चालू आहे, आणि घरी म्हाताऱ्या आईचे औषध संपले आहे ते कोणाला माहीत नाही. दुकानात काटा मारायचा आणि काकड्याला पहिला नंबर लावायचा. अहो, हा खालचा स्क्रू ढिला. वरची माशी काय करील?

चौथे, खोबण घासून रुंद झाली असेल तर काय करायचे? कोणी कागदाची घडी घालतो, कोणी लाख भरतो, कोणी दोरा गुंडाळतो. चार गोळ्या झाडल्या की नळी तापते आणि हे सगळे सुटते. नाना खोबणीच्या कडेला बेताने ठोकून ती आवळतात, फारच झिजले असेल तर माशी बदलतात; आणि जागा नक्की झाली की पंचाने एक ठिपका ठोकून ती कायम करतात. शेजारी एक बारीक रेघ असते. रेघेला रेघ जुळलेली दिसली की माशी जागेवर आहे. सरकली तर कोणालाही कळावे. आपल्या संप्रदायातही तो ठिपका आणि ती रेघ आहे. गळ्यातली तुळशीची माळ म्हणजे पंचाचा ठिपका. आणि महिन्याच्या दोन एकादश्या, वर्षाच्या वाऱ्या म्हणजे रेघ. वारी आली आणि पाय निघेना, तर समजावे की रेघ सरकली आहे. वय झाले, पाय चालेना, ती गोष्ट वेगळी. त्याने घरी बसून मनाने चालावे. मन निघेना, तेव्हा मात्र बघावे.

आणि पाचवे, अति आवळू नये. जोर केला की स्क्रूचे आटे जातात आणि लाकडाला चीर पडते. चातुर्मासात एकदम दहा नेम धरणारे आपण पाहतो. पायात चप्पल नाही, ताटात मीठ नाही, दिवसातून तीन वेळा स्नान. आणि भाद्रपद संपेपर्यंत सगळ्यांवर खेकसणे सुरू! त्यापेक्षा एकच नेम धरा, पण तो सुटणार नाही असा धरा. रोजचा हरिपाठ पुरे आहे. तो तरी कुठे रोज होतो?

इथवर माशी घट्ट झाली. पण घट्ट झाली म्हणजे बरोबर बसली असे नाही. आता रायफल चांदमारीच्या मैदानावर न्यायची, टेकू देऊन पाच गोळ्या मारायच्या, आणि पाचांचा घोळका कुठे पडला ते पाहायचे. एका गोळीवरून निर्णय करायचा नाही. एखाद्या दिवशी मन लागले नाही म्हणून भक्ती बुडाली असे होत नाही, आणि एखाद्या कीर्तनात डोळ्यांना पाणी आले म्हणून सिद्धीही होत नाही. महिना दोन महिन्यांचा घोळका बघावा.

समजा घोळका डावीकडे पडला. आता माशी कोणत्या बाजूला सरकवायची? शंभरातले नव्वद लोक सांगतील, गोळी डावीकडे जाते तर माशी उजवीकडे घ्या. आणि शंभरातले ते नव्वद चुकतील. चूक जिकडे असेल, माशी तिकडेच सरकवायची! गोळी डावीकडे जाते ना? माशी डावीकडे घ्या. मग ती सरकलेली माशी खाचेच्या मधोमध आणून निशाणावर ठेवताना नळीचे तोंड आपोआप उजवीकडे वळते, आणि गोळी जागेवर जाते. तसेच गोळी वर जात असेल तर उंच माशी घालायची. त्यासाठी वेगवेगळ्या उंचीच्या माशा मिळत असत.

हे आम्ही प्रथम ऐकले तेव्हा फार विचारात पडलो. आपण सगळे आयुष्यभर याच्या उलट करतो. जिथे चूक झाली, तिथून तोंड फिरवतो. दारू पिणारा दारूचा विषय काढला की उठून जातो. भावाचे शेत दाबून बसलेला माणूस भावाच्या गल्लीतून जाणे टाळतो. चुकीपासून माशी दूर दूर नेतो, आणि गोळी आणखीच भरकटते. संतांनी काय केले? तुकोबारायांनी आपले दोष जगासमोर उघडे करून मांडले, लपवले नाहीत. चूक जिकडे, लक्ष तिकडे. त्या भावाच्या दारात जाऊन उभे राहा. “दादा, माझ्याकडून अन्याय झाला,” एवढे चार शब्द बोला. आयुष्याची सगळी नळी एका क्षणात वळते.

नरहरी सोनारांची कथा इथेच लागू पडते. पंढरपुरात राहून विठ्ठलाचे तोंड न पाहणारे ते कडवे शिवभक्त. एका सावकाराने विठ्ठलासाठी सोन्याचा करदोटा करायला दिला. नरहरी देवळात जाईनात. माप मागवले आणि करदोटा केला. तो लांब झाला. पुन्हा केला, तो आखूड झाला. कारागीर निष्णात, सोने खरे, माप घेणारा प्रामाणिक. मग चूक कधी इकडे, कधी तिकडे कशी? अखेर डोळ्यांना पट्टी बांधून ते देवळात गेले. हाताला लागले ते शंकराचे रूप. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधली, पुन्हा शंकर. तेव्हा उमगले की ढिले होते ते आपले पाहणे. ज्या गाभाऱ्याकडे जन्मभर पाठ केली, तिथेच जाऊन उभे राहिल्यावर मापही बसले आणि नेमही बसला. तो असा बसला की पुढे कधी हलला नाही.

आता मूळ शंकेकडे येतो. मंडळातल्या एका तरुण शिपायाने नानांना एकदा विचारले, “नाना, मी माळ घातलीय. पण हातात रायफल असते. एकादशीला बंदोबस्त, आषाढीला बंदोबस्त. पंढरीत असूनसुद्धा विठ्ठलाकडे पाठ करून उभा असतो. ही माळ काढून ठेवू का? उगाच माळेचा अपमान नको.” बोलताना त्याचा गळा दाटला होता.

नाना म्हणाले, “अरे, तू लोकांकडे तोंड करून उभा असतोस ना? मग विठ्ठल काय वेगळे करतो? तोही लोकांकडेच तोंड करून उभा आहे. तुझे तोंड आणि त्याचे तोंड एकाच दिशेला आहे बाळा.”

सज्जनहो, याहून मोठे उत्तर आमच्यापाशी नाही. शास्त्राचा आधार हवा असेल त्याने गीतेचा पहिला अध्याय उघडावा. अर्जुनाच्या हातून गांडीव गळाले. गांडिवात काही बिघाड नव्हता, भात्यात बाण होते. मन ढिले झाले आणि शस्त्र गळाले. भगवंतांनी गांडीव दुरुस्त केले नाही, अर्जुनाला दुरुस्त केले. त्या दुरुस्तीवर ज्ञानोबारायांनी ज्ञानेश्वरी सांगितली. रक्ताची हौस वाढवणारा हा उपदेश नाही. ज्याच्या वाट्याला रक्षणाचे काम आले, त्याने ते आसक्ती आणि द्वेष सोडून, चित्त स्थिर ठेवून करावे, एवढेच सांगणे आहे.

आणि म्हणूनच ज्याच्या हाती शस्त्र आहे, त्याची अहिंसा घट्ट माशीत आहे. शस्त्र चालवण्याची वेळ येऊ नये, हीच प्रार्थना. आली, तर जिथे जायचे तिथेच जावे. हातभर अंतरावरच्या निरपराधाला लागू नये. नानांनी आयुष्यात कोणावर गोळी झाडली नाही. पण ज्या शेकडो माशा त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिल्या, त्या प्रत्येकीत कोणाचा तरी जीव वाचवण्याची काळजी होती. ही काळजी म्हणजे भजन नाही, असे कोण म्हणेल?

नेम पक्का असला म्हणजे काय होते, याची दोन उदाहरणे सांगतो. दोघांची नावे आपल्याच संतांची आहेत. पहिले नामदेव जाधव, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, मराठा पलटणीतले शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या सेनिओ नदीवर त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. नामदेवांनी आधी काय केले? दोन जखमी सोबत्यांना एकेक करून, सुरुंगांच्या पट्ट्यातून आणि खोल पाण्यातून पलीकडे पोहोचवले. मग परत येऊन एकट्याने शत्रूची ठाणी बंद पाडली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आधी वाचवणे, मग मारणे. क्रम ध्यानात ठेवावा.

दुसरे तुकाराम ओंबळे, सातारा जिल्ह्यातल्या केडंब्याचे, मुंबई पोलिसांतले. २६ नोव्हेंबर २००८ ची ती रात्र. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर याच जुन्या थ्री नॉट थ्री घेतलेले पोलीस स्वयंचलित बंदुकांपुढे उभे राहिले होते. गिरगाव चौपाटीवर ओंबळ्यांच्या हाती तर फक्त लाठी होती. त्यांनी समोरच्या बंदुकीची नळीच हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, आणि सोबत्यांनी अतिरेक्याला जिवंत पकडले. २००९ साली त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले गेले. त्यांच्या हाती ना माशी होती, ना खाच. पण आतला नेम घट्ट होता, तो हलला नाही.

शेवटी नेम धरण्याची एक खूण सांगून पुरे करतो. डोळ्याला एकाच वेळी खाच, माशी आणि निशाण ही तिन्ही स्पष्ट दिसत नाहीत. मग नजर कशावर ठेवायची? नवशिका निशाणावर ठेवतो, आणि चुकतो. जाणता माशीवर ठेवतो. माशी स्वच्छ दिसली पाहिजे; निशाण थोडे अंधुक दिसले तरी चालते. तसेच आपण फळाकडे डोळे लावून बसू नये. देव कधी भेटेल, मन कधी शांत होईल, अडचण कधी सुटेल, हे अंधुक राहू द्या. आजचा हरिपाठ, आजचे खरे बोलणे, आज दारी आलेल्याला दिलेली भाकर, ही माशी स्वच्छ ठेवा. पांडुरंग अठ्ठावीस युगे एका विटेवर उभा आहे. निशाण हलत नाही. हललो तर आपणच हललो.

त्या जुन्या रायफलीच्या टोकाला, माशीच्या दोन्ही बाजूंना, पोलादाचे दोन कान उभे असतात. रायफल पडली, आपटली, तर मार त्या कानांनी घ्यावा आणि माशी वाचावी, अशी ती योजना आहे. आपल्या नेमाच्याही दोन्ही बाजूंना असे दोन कान असू द्यावेत. एका बाजूला नाम आणि दुसऱ्या बाजूला संतसंगती. माणूस पडणार, आपटणार, त्याला इलाज नाही. पण हे दोन कान शाबूत असले, तर माशी जागची हलत नाही.

येत्या वारीला निघण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा आपल्या नेमाला अंगठा लावून पाहावा. हलला तर घाबरू नये. रिकामे व्हावे, पुसावे, खालचे स्क्रू आवळावेत, चूक असेल तिकडे लक्ष न्यावे, आणि चालू लागावे. चंद्रभागेच्या वाळवंटात भेटूच.

पुंडलीक वरदे हरी विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम, पंढरीनाथ महाराज की जय!